टाइम ऑफिसातल्या अक्कांना

अक्का, सप्रेम नमस्कार.

कंपनीतल्याच दुसऱ्या जागेसाठी अर्ज लिहायला तुम्ही जी मदत केलीत, तिचे तोंडावर आभार मानायला आलो तर "जा, शिफ्ट सुरू झाली" म्हणून पिटाळाल, म्हणून हे उघड पत्र. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या कारखान्यांत कामाला असलेली आपली पोरंही वाचतील. त्यांच्याही उपयोगाचं आहे.

क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेची नोटीस पंचिंग मशीनच्या वर लागली होती, एक प्रत कानडीत, एक इंग्रजीत. तिच्याखालून रोज अख्खी शिफ्ट जाते, पण वाचतं कोण? आतली जागा कुणाला द्यायची ते आधीच ठरलेलं असतं, अर्ज नुसते फायलीला लागतात, असा आपल्यात पक्का समज. कधी कधी तसं असतंही, हे तुम्हीही नाकारलं नाहीत. तरी एकेक अट मला वाचून दाखवलीत: सध्याच्या कामावर किती वर्षं झालेली हवीत, खातेप्रमुखांची सही, मापनाच्या साधनांची माहिती, शेवटची तारीख. मग म्हणालात, "प्रत्येक अटीपुढं तू केलेलं एक काम लिहून आण. मराठीत आण, इंग्रजीचं नंतर बघू."

आपल्याकडचा अर्ज ठरलेला असतो. 'मी प्रामाणिक व कष्टाळू कामगार असून', मग घरची परिस्थिती, शेवटी 'कृपा करून विचार व्हावा'. यावर तुमचा सवाल होता, निवडीला बसणाऱ्यांपैकी किती जणांनी तुला मशीनवर बघितलंय? बाहेरचा उमेदवार सगळं सविस्तर लिहितो, कारण त्याला कुणी ओळखत नाही. आतला मात्र 'मला सगळे ओळखतात' या भरवशावर चार ओळीत आटपतो. क्वालिटीचे साहेब मला चहाच्या वेळी क्रिकेटवर तावातावानं बोलणारा म्हणून ओळखत होते, बाकी काही नाही.

'मापनाचा अनुभव आहे' या ओळीवर तुम्ही मला किती छळलंत! कसलं माप? कशानं? कुठं लिहितोस? शेवटी त्या ओळीचं असं झालं: 'हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीचा ३२ एच ७ बोअर, मर्यादा शून्य ते अधिक २५ मायक्रॉन. बोअर गेज मास्टर रिंगवर सेट करून फर्स्ट पीस स्वतः तपासतो. ऑफसेट बदलण्याआधीचं आणि नंतरचं माप शिफ्ट रजिस्टरात लिहितो.' म्हणजे ३२ मिलिमीटरचं भोक कशानं मोजतो, मशीनची सेटिंग बदलण्याआधी नि नंतर किती माप आलं ते कुठं लिहितो, एवढंच. हे मी रोजच करत होतो, पण अर्जात लिहायची गोष्ट आहे असं कधी वाटलं नव्हतं. रिजेक्शन कमी केलं, असंही नुसतं लिहू दिलं नाहीत. कुठल्या महिन्यात किती होतं, नंतर किती झालं, ते रजिस्टरातून काढायला लावलंत. वर विचारलंत की त्यात तुझा हात किती आणि नव्या इन्सर्टचा, म्हणजे धातू कापणाऱ्या पात्याचा, किती. इन्सर्टचं श्रेय इन्सर्टला दिलं. मुलाखतीत पहिला प्रश्न नेमका त्याच ओळीवर आला, आणि उत्तर तयार होतं.

सगळ्यात अवघड खातेप्रमुखांची सही. तुम्ही बजावलंत की नोटिशीबद्दल त्यांना आधी तूच सांग, दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर ते डोक्यात राख घालून घेतील. आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस. म्हणून माझ्या मशीनची सेटिंग शीट लिहून नेली, दुसऱ्या शिफ्टमधला कोण तयार होऊ शकतो तेही सांगितलं. साहेब दोन मिनिटं गप्प बसले, मग पेन मागितलं. अर्जातही माझ्या जागी कोण, याची सोय सांगणारी एक ओळ ठेवली. माणूस सोडायचा म्हणजे त्या खात्याचं नुकसानच, हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी अजून पटलेलं नाही. सर्व्हिसची वर्षं शेवटच्या ओळीत टाका म्हणालात. टाकली. पण इतकी वर्षं तिन्ही शिफ्टा काढलेल्या माणसाचं ते वजन वरच्या ओळीत यायला हवं, असं मला वाटतं. तुम्ही म्हणता, वर्षं रेकॉर्डवर असतातच, काम नसतं. असो.

स्टोअर आणि डिस्पॅचच्या जागाही तेव्हाच निघाल्या होत्या. तिन्हीकडं अर्ज टाकू दिले नाहीत, तेही बरंच झालं. सगळीकडं अर्ज टाकणाऱ्याला नक्की काय हवंय, हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

आता एक काम तुमच्याकडंच आहे. फौंड्रीतला एक पोरगा, सँड टेस्टिंग, म्हणजे साच्याच्या वाळूची तपासणी करतो, लॅब असिस्टंटच्या जागेला अर्ज करणार आहे. खानापूरच्या गाडीनं येतो, त्यामुळं शिफ्ट सुटल्यावर थांबता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत पाठवतो. त्याच्या कागदावर सध्या 'प्रामाणिक व कष्टाळू' एवढंच आहे. माझ्यासारखंच छळा.

आपला,
मशीन शॉपमधला, आता क्वालिटीतला