बाराचं ऊन आणि रिमोट

ठाणे, रविवार रात्र

प्रिय पक्या,

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसला असतास, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक. आईचा गुडघा तसाच.

आपली स्वतःहून चालणारी बोट चालते. म्हणजे सकाळी चालते. उपवन तलावात येऊरच्या डोंगराकडे नाक करून सोडली की ऊन पाठीशी असतं, कॅमेऱ्याला लाल-हिरवे तरंगते बोये स्वच्छ दिसतात आणि ती दोन्ही थ्रस्टर, म्हणजे पाण्यातले पंखे, कमी-जास्त फिरवत बरोबर मधून निघते. ऊन चढलं, वारा सुटला की चकाकीत रंगच उडतात. परवा कुणीतरी निर्माल्य सोडलं होतं, तर झेंडूच्या हारालाच बोया समजून वळली. तन्वी म्हणे, बोट धार्मिक आहे.

आता लोचा ऐक. शनिवारी पैसे देणारी मंडळी बघायला येतायत, तीही दुपारी बाराला, कारण नंतर जेवण. सरांनी मला बाजूला घेतलं. "मॅन्युअलवर टाक आणि तूच चालव. काठावरून कोणाला कळतंय?" खरंच कळणार नाही रे. ट्रान्समीटरवरची एक कळ खाली, बस. भरकटली तर ताब्यात घ्यायला रिमोट आपण एरवीही हातात ठेवतोच, त्यामुळे कोणी विचारणारसुद्धा नाही. तेच जास्त डोक्यात जातंय.

सरांचंही चूक नाही. पैसे आले नाहीत तर सेंटीमीटरपर्यंत नेमका असणारा आरटीके जीपीएस विसरा. साधा जीपीएस दोन-तीन मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि आपल्या बोयांमधली फटच तेवढी. फ्लोरिडाच्या रोबोबोट स्पर्धेचं तर नावच काढायला नको. पण फर्स्ट इयरच्या पोरांनी दिवाळीच्या सुट्टीत फायबरग्लासची खाज सोसून हल, म्हणजे बोटीचा सांगाडा, बनवलाय. ती टाळ्या वाजवतील, आणि रात्री लॉग उघडतील. बोट चालवणारं सॉफ्टवेअर, आर्डुपायलट, मोड बदलल्याची नोंद ठेवतोच, तुला माहितीय.

तू असतास तर तोंडावर नाही म्हणून आठवडाभर अबोला धरला असतास. मला अबोला परवडत नाही, सबमिशन त्यांच्याकडेच आहे. मी म्हटलं, सकाळी सातला बोलवा. तर म्हणे, पाहुणे सातला चहासुद्धा पीत नाहीत. मग म्हटलं, बाराला रिमोटवर दाखवू, पण तसं सांगून, आणि सकाळचा व्हिडिओ लावू. तेव्हापासून मेसेजवर नुसते निळे टिक.

आणि हो, मामलेदारची मिसळ खाताना लाल बोया कुठल्या बाजूला यावरून भांडलो होतो ना? तू बरोबर होतास, पण मुंबई बंदरापुरता. बंदरात शिरताना आपल्याकडे लाल डावीकडे, अमेरिकेत उजवीकडे. तुझ्या कोडमधली ती ओळ उलटी केली. वरची शिवी ठेवलीय.

चेन्नईत रूम मिळाली का? पगार सुरू झाला असेल तर पार्टी उधार आहे.

शुक्रवारच्या आत एवढं कळव: चकाकीसाठी तू आणलेला पोलरायझर फिल्टर लॅबच्या कुठल्या खणात आहे? कधी लावून बघितलास का? जमलं तर बाराच्या उन्हातही तिचं तीच चालेल. नाही जमलं तर माईक मी घेणार आहे. सरांना हे अजून माहीत नाही.

तुझा,
निल्या