हळदीच्या डागावर शेवंती काढणाऱ्या काकूंना

काकू, सा. न.

तुम्ही मोठे मेसेज वाचत नाही, चष्मा शोधायचा कंटाळा येतो असं तुमची सून म्हणाली, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, ती तुम्हाला वाचून दाखवेल. त्या दिवशी भरतकाम पूर्ण करून स्वेटर हातात दिलात तेव्हा माझ्या तोंडातून शब्दच फुटला नाही, नुसतं "छान झालंय हो" म्हणून मी जिना उतरले. छान काय छान! इतकं कोणीही म्हणतं.

ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते. स्वेटर माझ्या आईनं विणलेला, मोतिया रंगाचा, पुढून बटणं आणि दोन्ही बाजूंना विणीतच उठवलेल्या वेण्या. आई निफाडची, आणि निफाडची थंडी ज्यांनी काढलीय त्यांना सांगायला नको, तिथे द्राक्षाचे घड वाचवायला बागेत रात्रीच्या शेकोट्या पेटवतात, मग माणसांचं काय होत असेल. आता संधिवातानं तिची बोटं वळत नाहीत, म्हणजे असा दुसरा स्वेटर होणे नाही. आणि एका लग्नाच्या पंगतीत नेमकी त्यावरच आमटी सांडली, छातीवर, चांगली हळदीची पिवळीजर्द. वाढणाऱ्या पोरावर माझा काडीचा राग नाही, तो बिचारा रडायलाच आला होता.

राग आहे तो त्याच्यानंतर भेटलेल्यांवर. एक लाँड्रीवाले, "मॅडम टेन्शनच घेऊ नका" म्हणाले आणि मी घेतलं नाही. प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून, वर स्टिकर लावून स्वेटर परत आला तेव्हा डाग फिकट झाला होता पण पसरला होता, भोवती एक वेगळाच मळकट पिवळेपणा, आणि तेवढ्या भागातली लोकर हाताला खरखरीत, दोन ठिकाणी वीण तर जाळीसारखी विरलेली. विचारलं तर म्हणे माल जुनाच होता. जुना होता म्हणून तर तुमच्याकडे आणला ना बाबा! मग एक बुटीकवाली भेटली, ती रेडीमेड फुलांचे पॅच गरम इस्त्रीनं चिकटवणार होती, "कोणाला कळणार पण नाही" वगैरे. आणि घरचे लोक तर काय, पाचशेला नवा मिळतो गं, कशाला एवढा जीव काढतेस.

तुम्ही मात्र आधी हो म्हणालाच नाहीत. खिडकीशी नेऊन स्वेटर उलटा केलात, विरलेल्या जागी आतून बोट घालून बघितलंत, मग चक्क वास घेतलात आणि म्हणालात, "ब्लीच मारलंय मेल्यानं. लोकर म्हणजे शेवटी केसच, तिला असलं जालीम काही सोसतं का." हळद उन्हानंच थोडी उडते, सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेव म्हणालात, आणि खरंच उडाली, सगळी नाही पण बरीच. उरलेल्याचं काय करायचं ते विचारलं तर तुमचं उत्तर तयार, "पिवळं आहेच ना, मग शेवंतीच काढू." मला तेव्हा इतकं हसू आलं, कितीतरी दिवसांनी त्या स्वेटरकडे बघून हसू आलं.

पण काकू, मला आभार मानायचेत ते शेवंतीचे नाहीत. म्हणजे आहेतच, पण त्याहून जास्त त्या चार बोटांच्या तुकड्याचे. पुढच्या वेळी आले तर तुम्ही कपाटातून एक विणलेला चौकोन काढलात. मेन रोडवरून मिळतीजुळती लोकर आणून, आईचीच वीण उतरवून, मधे एक छोटी वेणीसुद्धा घालून तो तुम्ही स्वतः विणला होतात. त्याला मुद्दाम हळद फासली होती. त्यावर दोन फुलं होती, त्यातलं एक पार आक्रसलेलं. "हे बघ, भरतकामाची रिंग लावून काढलं, ताणलेली वीण सुटली की चुण्या पडतात. मग दुसरं हातावरच काढलं, लोकरीनंच, दोरा सैल सोडून. धुऊन ओढून बघितलंय. आता तुझ्याला हात लावते." एवढं बोलून तुम्ही चहा टाकायला आत गेलात आणि मी तो तुकडा हातात धरून बसले.

माझ्या वस्तूला हात लावायच्या आधी कोणीतरी स्वतःच्या वस्तूवर करून बघितलं! लाँड्रीवाल्यांनी निदान आतल्या शिवणीत एक थेंब टाकून बघायचा होता, नाही का, तेवढंही नाही. हल्ली सगळीकडे तेच चालतं, भिंतीत ड्रिल मारणारा आधी मारतो आणि मग विचारतो पाइप कुठून गेलाय. तुमच्यासारखी माणसं अजून आहेत, आपल्याच शहरात, पंचवटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्यांना आपण काही विशेष करतो असं वाटतही नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. हल्ली अशा न लपवता मिरवायच्या दुरुस्तीला व्हिजिबल मेंडिंग म्हणतात आणि त्याचे व्हिडिओ निघतात, निघू देत, पण जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आपल्या आज्या शिवतच होत्या आणि बंगालात कांथा शिवायला जुन्या साड्यांच्या काठातलेच दोरे उसवून घ्यायच्या. टाकून देण्याची घाई त्यांना नव्हती.

बाकी कामाचं मी काय सांगणार, मला उलट-सुलटच्या पुढे येत नाही. देठ साखळीटाक्याचे, का तर वीण ताणली तर साखळीही थोडी ताणते, पाकळ्या लेझी डेझी टाक्याच्या, विरलेल्या जागी आतून मऊ जाळीचा तुकडा. लहान शिंतोड्यांच्या कळ्या झाल्यात आणि वेण्यांवर तुम्ही एकही टाका घातला नाहीत, वेल बाजूनं वळवून नेलीत. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, आईच्या आलं.

हो, आईला दाखवला. तिनं फुलं बघितलीच नाहीत आधी, सरळ स्वेटर उलटा केला आणि मागून गाठी कुठे दिसतात का ते शोधायला लागली. बराच वेळ शोधलं. मग म्हणाली, "बाईचा हात चांगलाय." काकू, आमच्या आईनं शेजारणीच्या पुरणपोळीलासुद्धा कधी एवढं म्हटलेलं नाही, तेव्हा हे सर्टिफिकेट फ्रेम करून लावा.

तुम्ही पैसे फारच कमी घेतलेत, त्यावरून मी परत भांडायला येणार आहे. तो चौकोनी तुकडाही मला हवाय, आक्रसलेल्या फुलासकट, देणार असाल तर. आणि माझ्या नणंदेच्या शालीवर कॉफी सांडलीय, तिला तुमचा पत्ता दिलाय. रागावू नका. ती थोडी घाई करेल, तिला चहा द्या आणि बसवून ठेवा.

तुमची,
शेवंतीवाली