मीठ सांगायचं राहिलं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल मी शनिवारच्या जेवणासाठी खिम्याचे गोळे कसे करायचे ते सांगत असताना तू फोन ठेवून दिलास, त्याचा मला राग आलेला नाही. म्हणजे आला होता, साडेनऊपर्यंत. मग तुझी आई म्हणाली, "तिने विचारलं होतं मीठ किती घालू. तुम्ही चार वेळा सांगितलंत, गोळे आतून शिजलेत का ते बघ. मीठ सांगितलंच नाहीत."

तर आधी मीठ. एक किलो खिम्याला सपाट दीड चहाचा चमचा. जास्त नको, सॉसमध्ये सोया सॉस पडतो आणि तो मुळातच खारट. कालवून झालं की नाण्याएवढी टिकली थापून तव्यावर भाज आणि ती चाखून बघ. कच्चा खिमा जिभेला लावू नकोस.

एक किलो पुरेल. ब्रेडचे चार स्लाइस अर्धा कप दुधात भिजवून कुस्कर, दोन अंडी, एक कांदा अगदी बारीक. एकेक गोळा पस्तीस ग्रॅमचा धरला तर चाळीसएक होतात. नऊ माणसं, चार-चार आले, वर चार-पाच उरतील ते चिंटूला दुसऱ्या दिवशी. (उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.) आत्या आणि दादा एका टेबलावर जेवायला बसणार, हे तू कसं जमवलंस मला कळत नाही. मला तीन वर्षांत जमलं नाही. फक्त त्यांना शेजारीशेजारी बसवू नकोस.

कालवताना हात हलका ठेव. कणकेसारखं मळलंस की खिम्यातली प्रथिनं मिठाबरोबर चिकट होतात आणि गोळा रबरासारखा होतो. सगळं एकत्र आलं की थांबायचं. तुला थांबणं जड जातं, लहानपणापासून. हे गोळ्यांबद्दल लिहितोय, बाकी कशाबद्दल नाही.

गोळे एकदम सगळे तव्यात टाकू नकोस. गर्दी झाली की पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी उकडतात. तीन घाणे कर. आणि बाहेरून छान तांबूस झाले म्हणजे झाले असं समजू नकोस. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू असतात ते बहुतेक वरच्या बाजूला, आच लागली की मरतात. खिमा करताना तीच वरची बाजू आत मिसळली जाते. म्हणून आतपर्यंत आच पोचायला हवी. रंगावरून कळत नाही. कधी कच्चा असतानाच तपकिरी दिसतो, कधी शिजून गुलाबी राहतो.

बघ, पुन्हा तेच लिहिलं. लिहिणार नव्हतो. वहिनीला सातवा महिना आहे, चिंटू चार वर्षांचा, म्हणून हात तिकडेच वळतो. माफ कर.

सॉस सांगतो. अननसाचा रस एक कप, साखर अर्धा कप, केचप सहा मोठे चमचे, सोया सॉस दोन, व्हिनेगर पाव कप. व्हिनेगर अर्धं सुरुवातीला घाल आणि अर्धं गॅस बंद करताना, कारण त्याचा झणका वाफेबरोबर उडून जातो. भाजलेले गोळे सॉसमध्ये टाकून झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. कॉर्नफ्लोअर सगळ्यात शेवटी, दोन मोठे चमचे, गार पाण्यात कालवून. गरम पाण्यात गुठळ्या होतात. आधीच घालून खूप वेळ उकळलंस तर आंबटपणामुळे घट्ट झालेला सॉस परत पातळ होतो. माझ्यासाठी साखर कमी करण्याचा विचार करत असशील तर करू नकोस. मी दोनच गोळे घेईन आणि सॉस कमी घेईन. गोड कमी केलंस तर नुसतं आंबट उरेल आणि आत्या बोलल्याशिवाय राहणार नाही.

अननस डब्यातलाच घे. आठवीत तू ताज्या अननसाच्या रसात खिमा रात्रभर ठेवला होतास आणि सकाळी त्याची लापशी झाली होती. मी ओरडलो. तू रडली नाहीस, ग्रंथालयात गेलीस आणि संध्याकाळी येऊन मला ब्रोमेलेन नावाचं प्रकरण समजावून सांगितलंस. ताज्या अननसात असतं, मांस विरघळवतं, डब्यात भरताना उष्णतेने नाहीसं होतं. मी अजूनही ते लोकांना सांगतो, जसं काही मीच शोधलंय. तुझं नाव सांगतो शेवटी. नेहमी नाही.

तुझी आई आता झोपली, म्हणून एक लिहून टाकतो.

तू सात वर्षांची होतीस. आई आजीकडे गेली होती आणि मी पहिल्यांदा हे गोळे केले. मोठे केले, लिंबापेक्षा मोठे, कारण बारके वळायचा कंटाळा. आच मोठी ठेवली. बाहेरून असा रंग आला की मी स्वतःवरच खूश. तू एक मधोमध तोडलास आणि म्हणालीस, "बाबा, आत लाल आहे." मी म्हटलं, केचपचा रंग आहे गं, खा. तू खाल्लंस. तू माझं ऐकायचीस तेव्हा.

पुढचे दोन दिवस तुला आठवत नसतील. मला तुझा सलाइन लावलेला हात आठवतो, पट्टीत गुंडाळलेला, पट्टीच मोठी दिसत होती. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं. मी म्हटलं, बाहेरचं काहीतरी असेल. आई आली तेव्हा तिलाही तेच सांगितलं. कशाने झालं ते कोणी तपासलं नाही. पण मला माहीत होतं.

त्यानंतर घरात जितक्या वेळा हे गोळे झाले, तितक्या वेळा आईने वाढण्याआधी सगळ्यांत मोठा गोळा उचलून मधोमध तोडून पाहिला. काही न बोलता. अठ्ठावीस वर्षं. तिला कळलंय की नाही हे मी कधी विचारलं नाही.

या पाकिटात थर्मामीटर आहे. तोडायला नको, सर्वांत मोठ्या गोळ्याच्या मध्यात टोक खुपस. 71 अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत, चिकनचा खिमा असेल तर 74. एकच गोळा बघून थांबू नकोस, तव्याच्या कडेचा एक बघ. तुला हे सगळं येतं, मला माहीत आहे. तुझं काल बरोबर होतं.

शनिवारी आम्ही सातला येतो. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. सकाळी आईने पत्र मागितलं, मी दिलं. पूर्ण वाचलं, त्या भागाशी जरा थांबली. मग म्हणाली, "व्हिनेगर चुकलंय. पाव कप अर्ध्या किलोला. एक किलोला अर्धा कप लागतं." तेवढं दुरुस्त करून घे.