मूलभूत म्हणजे फक्त कणभौतिकी?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला हिग्ज कणावरचा लेख आवडला. मात्र मूलभूत भौतिकशास्त्र तेवढे कणांच्या शोधात आणि बाकी सगळे उपयोजन, हा त्यातला सूर खटकला. त्याच लेखात अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांचे नाव यायला हवे होते. हिग्ज यांच्या १९६४ च्या निबंधाआधी वर्षभर, सुपरकंडक्टरमध्ये (विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थात) जे घडते त्यावरून अँडरसन यांनी कणांना वस्तुमान कसे मिळते याची तीच कल्पना सुचवली होती. (ती सापेक्षतेच्या चौकटीत बसवायचे काम राहिले होते, हे खरे.) आणि हे गृहस्थ संघनित द्रव्याचे, म्हणजे धातू, चुंबक, काच यांच्या आत इलेक्ट्रॉन काय करतात याचे अभ्यासक!

१९४९ मध्ये हार्वर्डची पीएचडी घेऊन ते बेल लॅब्जमध्ये लागले. टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा, पण तिथे सिद्धान्तवाल्यांचा प्रयोग करणाऱ्यांशी रोजचा संबंध. फॉस्फरस मिसळलेल्या सिलिकॉनवरचे तिथल्याच जॉर्ज फेहर यांचे निकाल रूढ समजुतीत बसेनात. त्या कोड्यातून १९५८ चा निबंध निघाला. पदार्थातली अव्यवस्था एका मर्यादेपलीकडे गेली, की इलेक्ट्रॉन अडखळत पुढे सरकत नाही. त्याचा तरंग एका जागीच कोंडला जातो आणि पदार्थ विद्युतरोधक होतो. बरीच वर्षे या निबंधाकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७७ मध्ये नोबेल मिळाले, नेव्हिल मॉट आणि खुद्द पीएचडीचे मार्गदर्शक व्हॅन व्हलेक यांच्याबरोबर. याच विषयावरच्या १९७९ च्या गाजलेल्या निबंधाच्या चार लेखकांत आपले भारतीय भौतिकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्णन होते, हे किती मराठी वाचकांना ठाऊक असेल?

‘सायन्स’ नियतकालिकात १९७२ साली अँडरसन यांनी लिहिले, की सुट्या कणांचे नियम कळले म्हणून असंख्य कण एकत्र आल्यावर काय होईल ते सांगता येत नाही. प्रत्येक पातळीवरचे नियम नव्याने शोधावे लागतात आणि तेही तितकेच मूलभूत असतात. हेच धरून त्यांनी टेक्सासमधल्या अवाढव्य कणत्वरकाला (कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राला) अमेरिकी काँग्रेससमोर विरोध केला. प्रकल्प १९९३ मध्ये गुंडाळला गेला. त्याला कारणीभूत ठरला तो मुख्यतः वाढता खर्च, पण कणभौतिकीवाल्यांचा राग अँडरसन यांच्यावरही निघाला. आपल्या शाखेचा स्वार्थ त्यांच्या बोलण्यात अजिबात नव्हता, असे मीही म्हणणार नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) संघनित द्रव्याच्या भौतिकीचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतही यावर काम चालते. तिथल्या एखाद्या सैद्धान्तिक संशोधकाची सविस्तर मुलाखत पुरवणीत छापावी, ही विनंती. दिवसभर नेमके काय करता, हेही विचारा.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा