झील धरायची तयारी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जुलैअखेर छोटीला आणि सासूबाईंना घेऊन जोलिएटच्या 'मेम्वार ए रासीन'ला येते आहेस, फार बरं केलंस. कॅनडातल्या क्वेबेकच्या लानोदिएर भागात हा लोकसंगीताचा उत्सव १९९५ पासून भरतो. मॉन्ट्रियलहून गाडीने तासाभराची वाट. मंचावरचं ऐकायला काही शिकावं लागत नाही. पण खरी गंमत मंचापासून लांब, झाडाखाली खुर्च्यांचं रिंगण जमतं तिथे असते. त्या रिंगणात हाताला किंवा गळ्याला काही काम असलं तरच माणूस रमतो. म्हणून निघायच्या आधी थोडी तयारी करा.

पहिलं काम गळ्याचं. 'शान्सॉं आ रेपॉंद्र', म्हणजे उत्तर द्यायची गाणी. आपल्या पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात, तसे इथे बसलेले सगळेच झीलकरी. म्होरक्या एक ओळ गातो, सगळे तीच ओळ परत म्हणतात. तो दुसरी गातो, तीही परत. मग ध्रुपद. खुबी पुढे आहे: पुष्कळ गाण्यांत पहिल्या कडव्याची दुसरी ओळ हीच दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ होते. म्हणजे कडव्यागणिक नवी ओळ एकच, आणि तीही म्होरक्याच्या तोंडून आधी ऐकलेली. साखळीची ही रचना फ्रान्समधून आलेल्या वसाहतकऱ्यांबरोबर आली, आणि पुढे कातड्यांच्या व्यापारासाठी होड्या वल्हवणाऱ्यांनी ती वल्ह्याच्या तालावर टिकवली. फ्रेंच न येणाऱ्यालाही ती चालते, कारण पाठ काहीच करावं लागत नाही. चूक होते ती घाईमुळे. म्होरक्या दोन ओळींच्या मध्ये कधी कधी नुसते पाय वाजवत थांबतो. नवखे लोक तिथे ध्रुपद सुरू करून मोकळे होतात. त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. छोटीला हे दोन गाण्यांत जमेल, आपल्याला चार लागतील.

सासूबाईंना शब्दांची अडचण वाटली तर 'तुर्ल्यूत' आहे. यात शब्दच नसतात. तबल्याचे बोल म्हणावेत तशी जीभ टाळूला लावत वाद्याची धून तोंडाने म्हणायची. क्वेबेकच्याच गास्पेझी भागातल्या न्यूपोर्टमध्ये जन्मलेल्या गायिका मारी ट्रॅव्हर्स, म्हणजे ला बोल्द्यूक (१८९४–१९४१), यांनी हे तबकड्यांवर घराघरांत नेलं. वडील आयरिश वंशाचे, आई फ्रेंच-कॅनेडियन. या संगीताची घडणही तशीच. गाणी बरीचशी फ्रान्सची, पण 'रील' हा नाचाचा प्रकार आयरिश आणि स्कॉटिश लोकांबरोबर आला. ला बोल्द्यूक 'गेंबार्द'ही वाजवत. गेंबार्द म्हणजे आपलं मोरचंग! दातांशी धरतात तसंच, पट्टी छेडतात तशीच. छोटीच्या हाती मात्र ते एवढ्यात देऊ नकोस. दातांत नीट फट ठेवली नाही तर पोलादी पट्टी सरळ दातावर बसते.

आता पाय, कारण क्वेबेकची ओळख तिथेच आहे. वादक खुर्चीत बसून व्हायोलिन वाजवतो आणि दोन्ही पायांनी स्वतःचीच साथ करतो. याला 'पोदोरिद्मी' म्हणतात. एका ठोक्यात तीन आवाज: एक दीर्घ, दोन लघु. 'धा तिट, धा तिट' म्हणून बघ. शिकायला सोपा क्रम असा: डावा पाय पूर्ण टेकवायचा (धा), मग उजवी टाच (ति), मग उजवा चवडा (ट). प्रत्येक वादकाचा टाच-चवड्याचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे कुणाची नक्कल करायला जाऊ नका. खुर्ची बिनहाताची आणि गुडघा काटकोनात राहील एवढ्या उंचीची हवी. पायाखाली गालिचा किंवा गवत असेल तर आवाज मरतो. दोन फूट बाय तीन फूट प्लायवूडची फळी गाडीत टाक. बूट कडक तळाचे हवेत, खेळाचे बूट बिनकामाचे. पाय जमिनीपासून दोन बोटांपेक्षा जास्त उचलायचा नाही. उंच उचलला की मांडी भरून येते, आणि मांडी भरली की लय पळते. मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरुवात करा. रिंगणात रील ११० च्या पुढे जाते, पण तिथवर पोचायची घाई नको; रोज दहा मिनिटं पुरे.

ताल धरायला चमचे छोटीसाठी. तिथे एका लाकडात कोरलेली जोडी मिळते, पण घरचे स्टीलचे दोन जड चमचे चालतात. पाठीला पाठ लावून धरायचे, दोन्ही दांड्यांच्या मध्ये तर्जनी, अंगठा वर, बाकी बोटं खाली. दोन्ही पाठींमध्ये सुमारे एक सेंटिमीटर फट. मांडीवर खाली आपटायचे आणि परत येताना वर धरलेल्या डाव्या तळहाताला लावायचे. 'टक' ऐवजी 'थड' आलं तर मूठ घट्ट झाली किंवा फट बुजली. लहान मुलांची मूठ घट्टच होते. तर्जनीला कापडाची पट्टी गुंडाळली तर फट टिकते.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. साधी रील आठ-आठ मापांच्या (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) भागांत चालते, पण इथे 'वाकड्या' धुना बऱ्याच आहेत. मध्येच अर्धं माप जास्त, नाहीतर एक मात्रा गायब. एकटा व्हायोलिनवाला स्वतःच्या श्वासाने आणि गजाच्या ओढीने वाजवत असे, मापात बसवायला कुणी दुसरा नव्हता. मोजून वाजवणारा तिथे हमखास पडतो. आपल्याकडे समेवर यायची सवय आहे, म्हणून आपण जरा जास्तच पडतो. पहिली फेरी नुसती ऐकायची, दुसरीत हात लावायचा.

अकॉर्डियनवाले काका भेटले तर छोटीला त्यांच्या भात्याजवळ बसव. आपल्या पेटीत भाता कसाही हलवला तरी पट्टीचा सूर तोच राहतो. यांच्या दहा बटणांच्या एकेरी पेटीत तेच बटण भाता ओढताना एक सूर देतं आणि ढकलताना दुसरा. म्हणून त्या वादनाला आपोआप झटके येतात, आणि नाचणाऱ्यांना तेच हवं असतं.

रिंगणाचे रिवाज थोडे आहेत. आतली रांग धून येणाऱ्यांची, आपण मागच्या रांगेत. चमचे एका वेळी एकाच जोडीचे; दुसरं कुणी वाजवत असेल तर थांबायचं. टाळ्या मात्र कुणीच वाजवू नका. त्यांनी लय धावते आणि पायांचा आवाज बुडतो. ध्वनिमुद्रण करायचं तर विचारून करायचं. वयस्कर वादकाला धून कुणाकडून मिळाली हे जरूर विचार, इथे धुनेइतकाच तिचा माणूस लक्षात ठेवतात. व्हायोलिनवादक ज्यां कारिन्यां (१९१६–१९८८) मॉन्ट्रियलमध्ये टॅक्सी चालवत, आणि त्यांनी वादन जुने व्हायोलिनवादक जोझेफ आलार यांच्याजवळ बसून आणि आयरिश तबकड्या घासून उचललं, हे तिथला कुणीही तुला सांगेल.

रात्री डासांचं मलम, छोटीला स्वेटर, आणि नाचात उतरायचं असेल तर पायात बांधलेले बूट. नाचाच्या आज्ञा फ्रेंचमध्ये ओरडतात, पण समोरच्या जोडीकडे बघितलं की पुरतं. फळी विसरू नकोस. इथली माझी फळी मी जावईबापूंसाठी ठेवली आहे.

तुझे
बाबा