तराईत वाघांबरोबर गवतही मोजा

संपादक महोदय,

२०२२ च्या व्याघ्रगणनेत उत्तराखंडातल्या कॉर्बेटमध्ये २६० वाघ नोंदले गेले. देशातल्या इतर कोणत्याही व्याघ्र प्रकल्पात इतके वाघ नाहीत. २०१८ साली इथेच २३१ होते. यश मोठेच आहे. पण वाघाचे पोट ज्या चितळांवर आणि पाढ्यांवर (हे एक ठेंगणे हरीण) भरते, ती हरणे गवतावर जगतात. शिवालिकच्या पायथ्याला ते गवत किती उरले, हे मात्र कोणी विचारत नाही.

तिकडे या मोकळ्या गवताळ मैदानांना ‘चौर’ म्हणतात. ‘व्याघ्र प्रकल्प’ या राष्ट्रीय योजनेची सुरुवात १ एप्रिल १९७३ रोजी झाली ती कॉर्बेटमधल्या ढिकालात, अशाच एका चौराच्या काठी. पुढच्याच वर्षी कालागढचे रामगंगा धरण पुरे झाले आणि पाटलीदून खोऱ्यातला सखल, सर्वांत कसदार कुरणांचा पट्टा पाण्याखाली गेला. उन्हाळ्यात जलाशय ओसरला की उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत येते, हत्तींचे कळप तिथे उतरतात. पावसाळ्यात ते पुन्हा बुडते. वर उरलेल्या चौरांवर झुडपे चालून येत आहेत आणि त्यांत सर्वांत चिवट आहे घाणेरी (लँटाना).

घाणेरी काढण्यावर पैसा आणि घाम दोन्ही खर्च होतात, तरी दोन पावसाळ्यांत ती पुन्हा दाटते, कारण घाव चुकीच्या जागी बसतो. कोयत्याने जमिनीलगत छाटली की बुंध्याच्या तळाशी असलेल्या डोळ्यांतून फुटव्यांचा झुपका येतो. जाळली तरी तेच. यंत्राने उपटली की माती उलथते आणि खाली दडलेले बी वर येऊन रुजते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी मांडलेली, कॉर्बेटमध्येच वापरून पाहिलेली पद्धत यावर चांगला उपाय आहे. कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचे, म्हणजे फुटवे देणारा भाग झुडपाबरोबरच निघून येतो. मग झुडूप मुळे वर करून उलटे ठेवायचे, नाहीतर ओल्या मातीला टेकलेला बुंधा पुन्हा मूळ धरतो. हे सारे फळे पिकण्याआधी उरकायला हवे. भाबरची, म्हणजे शिवालिकला लागून असलेल्या पट्ट्याची, जमीन गोट्यांची आहे. कुदळ दगडावर आपटते म्हणून घाईत घाव मातीच्या वर घातला जातो आणि तिथेच सगळे फसते.

तोडणी हे निम्मेच काम. बुलबुलासारखे पक्षी घाणेरीची फळे खाऊन उंच झाडांवर बसतात, त्यामुळे नवी रोपे नेमकी त्या झाडांखाली आणि ओहोळांच्या कडेने उगवतात. निदान दोन वर्षे, पहिल्या पावसानंतर माती ओली असताना ती हाताने उपटावी लागतात. मोकळ्या जागेत लगोलग स्थानिक गवताचे बी पेरले नाही, तर घाणेरीच्या जागी गाजरगवत किंवा रानमोडी ही दुसरी तणे येतात. म्हणून या कामाचे पैसे साफ केलेल्या हेक्टरांवर एकरकमी देऊ नयेत. निम्मी रक्कम दुसऱ्या पावसाळ्यानंतर, गवत उभे राहिलेले पाहूनच द्यावी.

आगीबद्दलही थोडे. उत्तर प्रदेशातल्या दुधवासारख्या ओल्या तराईत उंच गवत जाळावे लागते, कारण त्याचा जीव जमिनीखालच्या कोंबात असतो आणि राखेतून कोवळा पाला येतो. पण संपूर्ण मैदान एकदम पेटवले की बारसिंग्याला आडोसाच उरत नाही. आग उशिरा, मार्च-एप्रिलमध्ये लावली तर बंगाल फ्लोरिकन या गवताळ रानातल्या पक्ष्याचा विणीचा हंगाम उधळतो आणि खरखरीत केसांच्या दुर्मीळ सशाची पिल्ले होरपळतात. पट्ट्यापट्ट्याने, फेब्रुवारी संपण्याआधी जाळावे. दरवर्षी एक तृतीयांश भाग राखून ठेवावा आणि तो पट्टा आलटून-पालटून बदलावा.

गणनेच्या पहिल्या टप्प्यात वनरक्षक ठरावीक अंतरावर थांबून झाडोरा आणि तण यांची नोंद करतातच. ती नोंद चौरवार मांडून, उपग्रहाच्या चित्रांवरून मोजलेल्या क्षेत्रफळासह, वाघांच्या आकड्याशेजारी छापावी, एवढीच राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाला विनंती आहे.

आपला,
गवताळ प्रदेशांचा एक अभ्यासक