दुसरा टेम्पो का विकला: सुहासला पत्र

नाशिक,
२१ जून

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मखमलाबादला एका बंगल्यात घोटाभर चिखलात उभा होतो. "टेम्पो विकलास म्हणे, काही अडचण आहे का?" असं तू विचारलंस आणि मी "नंतर सांगतो" म्हणून फोन ठेवला. अडचण आहे हे तू तेव्हाच पक्कं केलं असणार. रात्री मंजू म्हणाली, "ज्या माणसाने बिनव्याजी दोन लाख दिले, त्याला 'नंतर सांगतो'?" म्हणून लिहायला बसलोय. पैशाचं बोलताना मी फोनवर ततपप करतो, तुला ठाऊकच आहे.

तर बागकामाचा धंदा बसलेला नाही. टेम्पो मी आपणहून विकला, गिऱ्हाईक जरा उशिरा आलं असतं तरी विकणारच होतो.

२०२२ साली तू आला होतास तेव्हाचं आठव. एकवीस माणसं, दोन टेम्पो, घोटी-इगतपुरीकडची तीन फार्महाउसं, आडगावला बंगले, पाथर्डी फाट्याला बिल्डरची स्कीम. जो विचारेल त्याला मी हो म्हणत होतो. आईला वाटायचं पोरगं मोठं झालं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि नाशिक शहरात सातशेच्या आसपास, मध्ये अंतर पंचेचाळीस किलोमीटर. इकडे जगणारी रोपं तिकडे मुळातून कुजायची. ती बदलून द्यायला मी परत पंचेचाळीस किलोमीटर जायचो. आणि मालक मुंबईचे, महिन्यातून एकदा येणार, नेमकं तेव्हाच जास्वंदीला पांढरा ढेकूण लागलेला असणार.

बिल्डरच्या स्कीमचं तुला अर्धवटच सांगितलं होतं. पैसे मागताना पूर्ण सांगायची लाज वाटली. आता सांगतो.

ते पोडियम गार्डन होतं, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर बाग. सहा हजार चौरस फूट. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर ड्रेन सेल, म्हणजे प्लास्टिकच्या जाळीदार पाट्या, त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड आणि मग माती. फूटभर ओल्या मातीचं वजन चौरस फुटाला पन्नास किलोच्या आसपास जातं. सहा हजार फुटांवर तीनशे टन. म्हणून मी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घातलेलं हलकं मिश्रण धरलं होतं, तसं कोटेशनमध्ये लिहिलंही होतं. कापड अंथरून झालं त्या रात्री साइट इंजिनिअरने बिल्डरच्याच दुसऱ्या प्लॉटच्या खोदाईची काळी माती आणून ओतली. सकाळी मी पोचलो तर ढीग लागलेले. "फुकटची माती आहे, तुमचेच पैसे वाचले," म्हणाला. मी तिथेच काम थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. फायकसची आणि अरेका पामची गाडी आंध्रातल्या कडियमच्या नर्सरीतून निघालेली होती, तिचे पैसे भरलेले होते.

पहिले दोन पाऊस झाले आणि काळ्या मातीचा गाळ कापडाच्या छिद्रांत बसला. पाणी खाली उतरेना. लॉनवर पाय ठेवला की चिखल घोट्यापर्यंत. मग ते पाणी वॉटरप्रूफिंगचा एक कच्चा सांधा शोधून खाली पार्किंगमध्ये ठिबकायला लागलं, तेही कुणाच्या तरी नव्या गाडीच्या बॉनेटवर. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. "झाडांच्या मुळांनी स्लॅब फोडला." दीड महिन्याच्या झाडांच्या मुळांनी! माती बदलली याचा माझ्याकडे एक कागद नव्हता, फोटोसुद्धा नाही. सात लाख चाळीस हजार अडकले. चौदा महिन्यांनी तीन लाख मिळाले, बाकीचे मी सोडून दिले. तुझे दोन लाख २०२३ च्या गणपतीत आले ते या खड्ड्यात गेले. त्यातून पगार केले मी.

तेव्हापासून साइटवर माती उतरली की गाडीच्या नंबरासकट फोटो काढतो. माझ्याकडचा सागर मला हसायचा.

बिल्डरमुळे मी बुडालो असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. ते अर्धंच खरं. खरं दुखणं मंजूने शोधलं, हजेरीच्या वहीत. गेल्या वर्षी जानेवारीत तिने माळ्यांच्या प्रत्येक जोडीला सांगितलं, बंगल्यात शिरलात की वेळ लिहा, बाहेर पडलात की वेळ लिहा. लहानूला लिहिता येत नाही, तो मिस्ड कॉल द्यायचा. महिनाभराने तिने वही पुढे टाकली. गंगापूर रोडची जोडी दिवसाला चार बंगले करत होती. आडगावची जोडी तीन. माणसं तितकीच मेहनती. उरलेला वेळ द्वारका चौकात जात होता, टेम्पोत बसून.

मी म्हटलं, एका बंगल्याने काय होतं. ती म्हणाली, मांडून बघ. मांडलं.

आठवड्यातून एक फेरी धरली तर सहा दिवसांत चाराच्या हिशेबाने चोवीस बंगले. सरासरी तीन हजार महिना, म्हणजे बहात्तर हजार. दोन माळ्यांचे पगार तेहतीस, टेम्पो आणि डिझेल नऊ, खत-औषध-ब्लेड-दुरुस्ती आठ. पन्नास गेले, बावीस राहिले. आता दिवसाला तीन बंगले धर. अठरा बंगले, चोपन्न हजार. खर्च तोच पन्नास. राहिले चार. सुहास, दिवसाचा एक बंगला कमी झाला की बावीसचे चार होतात. मी इतकी वर्षं नवीन गिऱ्हाईक कुठून येईल याचा विचार करत होतो, ते राहतं कुठे हे कधी विचारलंच नव्हतं.

त्यात पुढच्या वर्षीच्या सिंहस्थासाठी सध्या शहर खणून ठेवलंय. कुठला रस्ता कधी बंद, सकाळी निघेपर्यंत कळत नाही.

मग मी पूर्वेकडचे सगळे बंगले सोडले. फेकून नाही दिले. सागर आठवतो ना, तुझ्याकडून ब्रश धरायला शिकलेला? सात वर्षं माझ्याकडे होता, घर आडगावलाच, रोज तिथून इकडे यायचा आणि मी त्याला परत तिकडे पाठवायचो, बघ गंमत. त्याला म्हटलं, हे पंधरा बंगले तू घे, स्वतःच्या नावाने कर. टेम्पोही घे. निम्मे पैसे रोख आणि बाकीचे महिन्याला सात हजारांनी. हस. मी सावकार झालोय.

इगतपुरीची फार्महाउसंही सोडली. एका मालकांना राग आला, "आम्ही मोठं काम देत होतो" म्हणाले. देत होते, खरं आहे.

आता गंगापूर रोड, आनंदवल्ली, कॉलेज रोड, सावरकरनगर आणि नदीपलीकडे मखमलाबाद, एवढंच करतो. माणसं नऊ. महिन्याच्या मेंटेनन्सचे पैसे पाच तारखेपर्यंत जमा होतात आणि पगार सात तारखेला. या दोन तारखांच्या मध्ये आता मला झोप लागते. नवीन बागेची कामंही येतात, पण मेंटेनन्सच्याच गल्लीतून. आमची पोरं हेज कापत असतात, शेजारचे काका गेटवरून विचारतात, आमचंही बघाल का? जाहिरात म्हणून एक रुपया घालत नाही.

दर लावण्याचं एक सांगतो, तुझ्या फर्निचरच्या धंद्यातही लागू पडेल. खर्चावर पंचवीस टक्के चढवले की पंचवीस टक्के सुटतात असं मी सहा वर्षं समजत होतो. लाखाचं काम सव्वा लाखाला दिलं, पंचवीस हजार सुटले, पण ते सव्वा लाखातले, म्हणजे वीसच टक्के. त्यातून ऑफिसचं भाडं, फोन, मेलेली रोपं बदलणं, मंजूचा न दिलेला पगार. शेवटी सहा-सात टक्के उरायचे आणि एखादं काम उलटलं की तेही नाही.

उलटलेलं काम म्हणजे कसं, तेही ऐक. सावरकरनगरला हजार फुटांचं मेक्सिकन लॉन, सहा इंच लाल माती, पाच ब्रास. माती स्वस्त मिळाली म्हणून मी खूश. तीन आठवड्यांत लॉनमधून टोकदार, चकचकीत पाती वर आली. लव्हाळा. लहानूने बोटभर खुरपलं आणि एक पात उपटली, तर पात हातात आली आणि गाठ जमिनीतच राहिली. मग त्याने हळूहळू माती बाजूला केली. काळी, शेंगदाण्याएवढी गाठ, तिच्यातून दोऱ्यासारखं मूळ, त्याच्या टोकाला दुसरी गाठ, मग तिसरी. "भाऊ, हे माळ घालून आलंय," म्हणाला. सगळं लॉन उचललं, पाचही ब्रास माती फेकली, माझ्या खर्चाने. आता मातीचा ढीग आधी पंधरा दिवस पाणी मारून ठेवतो. त्यात जे उगवायचं ते माझ्या अंगणात उगवू दे.

माणसांचं मात्र अजून जमलेलं नाही. आपली पोरं पेठ-सुरगाण्याकडची. जुलैत भाताच्या आवणीला गावी जाणार म्हणजे जाणार, आणि बागकामाला नेमकं तेव्हाच उधाण. ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी सुरू झाली की दिंडोरी-निफाडकडे उक्त्यात जास्त पैसे मिळतात. मग मुकादम गाडी घेऊन येतो आणि आपले दोन माळी सकाळी गायब. आधी मी चिडायचो, उचल कापायचो. आता बारा महिन्यांचा पगार बांधलाय, आवणीची पंधरा दिवसांची सुट्टी पगारी, आणि त्या पंधरवड्यात नवीन लागवडीची तारीख कुणालाच देत नाही. गेल्या ऑक्टोबरात तरी एकच जण गेला. यंदा बघू. मुकादमाच्या दराची बरोबरी मी करू शकत नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

अंबडच्या एका कारखान्याचं काम तेवढं लांबचं असून ठेवलंय, आठवड्याला एक अख्खा दिवस तिथेच असतो म्हणून परवडतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, सीएने जबरदस्तीने करायला लावली होती. छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ४५ दिवसांत द्यायचे, नसेल तर १५, हा कायदा २००६ पासूनचा आहे म्हणे. पण उशीर केला तर त्या वर्षी तो खर्च आयकरात धरता येत नाही, असं आता दोनेक वर्षांपासून झालंय. तेव्हापासून मार्चमध्ये त्यांचा अकाउंटंटच मला फोन करतो, "तुमचं बिल राहिलंय का हो?" बिलासाठी मला कुणी फोन करेल असं पाथर्डी फाट्यावर उभा असताना वाटलं नव्हतं. तू पण नोंदणी करून घे. सुताराला काय लागणार म्हणून बसू नकोस.

गिऱ्हाईकं मात्र आहेत तशीच आहेत. डिसेंबरात थंडीने लॉन पिवळं पडतं, हे दरवर्षी नव्याने समजवायचं. निवृत्त साहेब आहेत एक, ते पाऱ्याची नोंद ठेवतात आणि तरीही मलाच विचारतात. एका बाईंना कोनोकार्पसचंच कुंपण हवं होतं, शेजारच्या सोसायटीत आहे म्हणून. मी म्हटलं, गुजरातने २०२३ मध्ये लागवड बंद केली त्याची, परागकणांचा त्रास होतो, मुळं पाइपात शिरतात. त्यांनी दुसऱ्याकडून लावून घेतलं. मेंटेनन्सला मात्र मलाच बोलावलं. कापतो आता, दर पंधरा दिवसांनी, फार जोमाने वाढतं.

तुझे शेवटचे चाळीस हजार काल बँकेतून पाठवलेत. मेसेज आला असेल. व्याजाचा विषय काढलास तर पुन्हा पत्र लिहीन, याहून लांब. सोबत सोनचाफ्याचं कलम पाठवतोय, तुमच्या गल्लीतला संतोष शनिवारी निघतोय त्याच्याबरोबर. कोल्हापूरच्या पावसात लावायला हीच वेळ, फक्त पाणी साचेल अशा जागी लावू नकोस आणि वहिनींना सांग, कलमाच्या जोडाच्या खालून फुटवा आला तर लगेच खुडायचा. तो कलमाच्या जातीचा नसतो.

लहानू कालच गावी गेला. त्याच्या जागी उद्या सकाळी सातला मोवर घेऊन मी. पाठ धरलीच आहे.

आईचा तुला आशीर्वाद, पोरांना पापा.

तुझा,
विनू

ता. क. टेम्पोच्या मागच्या फळीवर तू दिवाळीत रंगवलेली सोनचाफ्याची फांदी सागरने तशीच ठेवली आहे. फक्त खालचा माझा मोबाइल नंबर खरवडून तिथे त्याचा लिहिलाय. अक्षर तुझ्यासारखं काढायला गेलाय, पण नऊ उलटा झाला.